करवंटीभर चीक

मुळशीतल्या भरे गावात कुणाची गाय अडली, की माणूस देवळाकडे धावायच्या आधी तुळजाबाईच्या दाराकडे धावायचा. वासरू आडवं असो की पायाळू असो, तुळजाबाई काष्टा घट्ट करून, कोपरापर्यंत गोडं तेल चोपडून गोठ्यात शिरली, की घरधनी बाहेर निवांत बिडी ओढायला मोकळा. नवरा जाऊन वर्षं लोटली होती, शेत मुलगा बघत होता, पण गोठा तिचा. ह्या गोठ्यात आजवर एक वासरू दगावलं नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते खरंही होतं.

तिचा एक नियम होता. वासरू जन्मलं की ते धडपडत उभं राहिलं पाहिजे, आईच्या कासेला लागलं पाहिजे आणि पोटभर चीक प्यायलं पाहिजे. तोवर त्या घरात कुणी चहाचा घोट घ्यायचा नाही. मग तो घरचा कर्ता असो नाहीतर पाहुणा असो. "पयला चीक पोटात गेला न्हाई, तर त्या वासराची आशा सोडा," ती सांगायची. वासराचं पोट भरून उरेल तो चीक माणसांचा. त्याचा खरवस व्हायचा, वेलदोडा घालून, आणि तुळजाबाईच्या हातचा खरवस खायला पिरंगुटापासून माणसं यायची.

त्याच घरात जया ही तिची सून होती. सूस गावची मुलगी, अंगाने काटक, कामाला वाघीण. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. पहिलं माहेरी, सूसला. दुसरं इथे, ह्या घरात. दोघांनाही पाचवीच्या आतच हगवण लागली आणि दोघंही जयाच्या मांडीवर सुकून गेली.

आता बाईच्या चिकाबद्दल तुळजाबाईचं मत काय होतं, तेही सांगायला हवं. बाईचा पहिला पिवळा चीक म्हणजे नऊ महिने अंगात साचलेली घाण. तो जड असतो, तो लेकराच्या पोटात गेला तर लेकरू दगावतं. म्हणून पहिले तीन दिवस तो करवंटीत पिळायचा आणि चुलीच्या राखेत ओतायचा. लेकराला तोवर गुळाचं पाणी, चिंधीची वात करून. हे तुळजाबाईला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने, आणि सूसला जयाच्या आईनेही अगदी असंच केलं होतं. इतक्या जणींपैकी एकीनेही कधी पाजून पाहिलं नव्हतं, पण खात्री सगळ्यांची होती.

जयाला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा पौडच्या सरकारी दवाखान्यातून लीलाबाई नावाच्या नर्सबाई गावात येऊ लागल्या. पांढरं पातळ, हातात कातडी पिशवी, बोलणं पुण्याचं. एसटीने पिरंगुटापर्यंत यायच्या आणि तिथून उन्हातून चालत. त्यांनी दुधाच्या पावडरीचे डबे वाटले. तुळजाबाईने आपला डबा कोंबड्यांना घातला. ज्या घरात तीन दुभती जनावरं, त्या घराला सरकारने पीठ पाठवावं, हा तिला सरळसरळ अपमान वाटला.

तरी पाहुणचारात ती कमी पडली नाही. आदल्या दिवशी गाय व्याली होती. तिने लीलाबाईंना सोप्यावर बसवलं आणि बशीभर खरवस पुढे ठेवला. आळीतल्या चारपाच बाया नर्सबाई कशी बोलते ते ऐकायला जमल्या. जया दाराआड उभी होती.

"वा आजी, काय सुरेख झालाय!" लीलाबाई मनापासून म्हणाल्या. मग दाराकडे बघून, "जयाबाईंना सातवा ना? मग एक सांगते, नीट ध्यानात ठेवा. बाळ जन्मलं की तासाभरात आईच्या अंगावर घ्यायचं. पहिलं पिवळं दूध टाकायचं नाही. रोगाशी झगडायची ताकद त्यात असते. हा जसा गाईचा चीक, तसाच तो आईचा. आणि ते गुळाचं पाणी, ती चिंधी, ते आधी बंद करा. हगवण तिथूनच लागते."

तुळजाबाईने लीलाबाईंच्या हातातली बशी काढून घेतली. अजून दोन वड्या उरल्या होत्या.

"बाई, गाय म्हंजी गाय आन् बाई म्हंजी बाई. माझी सून काय दाव्याला बांधलीया व्हय?"

बाया फिसफिसल्या. एकीने विचारलं, "नर्सबाई, तुमाला लेकरं किती?"

"माझं लग्न नाही झालं अजून."

झालं. इतका हशा पिकला, की लीलाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. परतीची एसटी चुकेल म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. आपण खरं बोललो होतो, आणि खरं बोलणं पुरलं नाही, एवढंच त्यांना कळलं असावं. दाराआड जयाही पदर तोंडाला लावून हसली होती. ते हसणं पुढे तिला आयुष्यभर पुरलं.

माघात ती बाळंत झाली. नेमकी त्याच सकाळी कपिली गाय व्यायला आली. तुळजाबाई एकदा खोलीत, एकदा गोठ्यात, अशी सारखी पळत होती. खोलीत मुलगा झाला, चांगला गुटगुटीत, आवाज खणखणीत. गोठ्यात कालवड झाली, पण कपिलीचं अंग बाहेर आलं आणि ऊन अंगणात यायच्या आत कपिली गेली.

तुळजाबाईच्या हयातीत अशी वेळ आली नव्हती. वासरू पेंढ्यावर पडलं होतं, आई शेजारी ताठ झालेली, आणि गावात त्या आठवड्यात दुसरी गाय म्हैस व्यालेली नाही. तिने बहिरूला, आपल्या मुलाला, घोटवड्याला पिटाळलं. कुठे चीक मिळाला तर तांब्याभर घेऊन ये म्हणाली. तो जाऊन यायला दुपार होणार. ती अंगणात दोन फेऱ्या मारून उभी राहिली, आणि मग करवंटी घेऊन जयाच्या खोलीत आली.

जयाला त्यात काही नवीन वाटलं नाही. करवंटी येणारच होती. तुळजाबाईने पिळलं, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ पिळलं. गाईच्या सडाला हात घालावा तसा हात घालून, शेवटच्या थेंबापर्यंत. जयाला कळ आली, तिने ओठ चावला. करवंटीच्या तळाशी घट्ट पिवळा चीक जमला. तुळजाबाई उठली, आणि चुलीकडे न वळता बाहेर गेली.

खोलीच्या झडपेतून गोठा दिसायचा. जयाने मान वळवून पाहिलं. तुळजाबाईने म्हशीचं कोमट दूध लोट्यात घेतलं होतं, त्यात करवंटी उपडी केली, बोटाने निपटून घेतली. मग ती वासरापाशी फतकल मारून बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटं बुडवून बुडवून त्याच्या तोंडात देऊ लागली.

"पी माझे बाय. पी गं. ह्यो पोटात गेला म्हंजी तुला मरान न्हाई."

जया बघत राहिली. तिच्या कुशीत मुलगा ओठ हलवत काहीतरी शोधत होता.

तुळजाबाई परत आली, हात धुऊन, मुलासाठी गुळाचं पाणी घेऊन. जयाने विचारलं. तिने जन्मात सासूला उलट विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

"आत्याबाई, वासराला चालतुया, मग माझ्या लेकराला का न्हाई?"

"वासराचं प्वाट दगडाचं अस्तंय, जये. ह्येचं प्वाट बग केवढं हाय! आधीच दोन गेली तुजी. आता तिसऱ्याला मी माझ्या हातानं जहर घालू?"

असं म्हणून तिने चिंधीची वात गुळाच्या पाण्यात भिजवली आणि नातवाच्या ओठांवर टेकवली. त्या पोरावर तिचा जीव होता, ह्यात जराही खोट नव्हती. खोट असती तर जया तिच्याशी भांडली असती. एवढ्या मायेशी कसं भांडायचं ते तिला उमगलं नाही. आणि खरं सांगायचं तर ती स्वतःही भ्यायली. नर्सबाई एकीकडे, आणि दुसरीकडे आई, सासू, आळी, सगळा गाव. मुलगा तिच्या कुशीत होता, अंगावर दूध होतं, मध्ये फक्त चोळीचं कापड होतं. तरी तिने त्याला जवळ घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाला हगवण लागली. पाचवीला सटवाई पूजायची म्हणून पाटा धुऊन ठेवला होता, तो तसाच भिंतीला लागून राहिला. कालवड जगली. जयाच्या करवंटीभर चिकाने जगली, का दुपारी बहिरूने घोटवड्याहून आणलेल्या चिकाने जगली, देव जाणे. तुळजाबाईने तिचं नाव पोरकी ठेवलं आणि गावाला सांगितलं, "गाय मेली, पन वासरू जाऊ दिलं न्हाई म्या."

मुलाबद्दल मात्र तिचा निवाडा ठरला होता. "रगतच नासकं हाय सूसचं. हिच्या भावाचं बी एक पोर असंच ग्येलं. वंशात खोड हाय." त्या काळात कुणाच्या घरचं पोर गेलं नव्हतं, असं घर दाखवा म्हटलं असतं तर तुळजाबाईला मुळशीभर फिरावं लागलं असतं. तिची स्वतःची पाच गेली होती, एकटा बहिरू राहिला होता. पण ती पाच सटवाईने नेली, आणि जयाची तीन रक्ताने, असा तिचा हिशेब होता. बहिरू आईसमोर मान खाली घालून बसला. तो वाईट माणूस नव्हता. तो कुणीच नव्हता.

वर्ष उलटायच्या आत तुळजाबाईने त्याच्यासाठी दुसरी केली. सख्ख्या भावाची मुलगी, रंभा. सरकारने दुसऱ्या बायकोला बंदी केल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सरकार पौडला बसायचं आणि भऱ्यात तुळजाबाई. मामाची मुलगी म्हणजे हक्काचीच. दोन्ही कुळांचं देवक एकदा जुळलेलं, घराणं ठावकं, रक्त आपलंच. रंभा आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती, भित्री, गोरटेली, जयाला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणणारी. तिचा राग करायचा तर जयाला फार कष्ट पडले असते. तरी जयाने ते कष्ट घेतले. दीड वर्ष ती रंभाशी कामापुरतं बोलली.

पोरकी मोठी झाली, माजावर आली. घरचा वळू दावणीला उभा होता, धिप्पाड, पण तुळजाबाईने कालवड सोडली आणि जयाला मागून काठी घेऊन चालायला सांगितलं. दोघी घोटवड्याच्या वाटेला लागल्या. शेताच्या बांधावर नथू भेटला, आळीतलाच, गुरांचा शौकीन.

"मावशे, घरी वळू आस्ताना येवढी तंगडतोड?"

"आरं, त्यो तिचा बाप न्हवं का! घरचं रगत घरातच फिरावलं की वंश खुजा व्हतोय. आंधळी-पांगळी निपजत्यात. माझ्या आज्यानं सांगून ठिवलंय."

नथूने मान डोलावली. जया काठी टेकून उभी राहिली.

"मग रंभीला कशी आनली, आत्याबाई? ती तर तुमच्या सख्ख्या भावाची."

नथू घाईघाईने बिडी शोधू लागला. तुळजाबाईने वळून सुनेकडे पाहिलं. रागाने नाही, कीव केल्यासारखं.

"जनावराचं येगळं, मानसाचं येगळं. मानसात घरचं रगत म्हंजी पारखून घेतल्यालं सोनं अस्तंय. तुला न्हाई कळायचं त्ये."

आणि ती पोरकीला पुढे हाकू लागली. जया काठी उचलून मागोमाग चालू लागली.

पोरकी गाभण राहिली आणि थोड्याच दिवसांत रंभालाही दिवस गेल्याचं कळलं. तुळजाबाईचं लक्ष दोन्हीकडे सारखं होतं. पोरकीला भिजवलेली सरकी, गूळ, हिरवा चारा. रंभाला मात्र सातव्या महिन्यापासून अर्धी भाकरी कमी, का तर मूल मोठं झालं की अडतं. जयाने हे स्वतःच्या तिन्ही वेळी भोगलं होतं. एकदा तिने आपल्या ताटातली भाकरी रंभाच्या पदरात टाकली. का टाकली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दिवस भरले आणि एका सकाळी रंभा मोकळी झाली. मुलगा. अंगाने बारका, पण हातपाय झाडणारा. तुळजाबाईने नाळ कापली, गुळाचं पाणी करून वाटी झाकून ठेवली, करवंटी घासून ठेवली. जया उंबऱ्याबाहेर उभी होती. जिची तीन गेली तिची सावली ओल्या बाळंतिणीवर नको, असं तिला आधीच बजावलं होतं.

तेवढ्यात नथू धावत आला. "मावशे, म्हस अडली! पाय तेवढं भायर आल्यात. चल लौकर!"

तुळजाबाईने एकदा नातवाकडे पाहिलं, एकदा नथूकडे. पण तिला नाही म्हणता येईना. तिने हाताला तेल घेतलं.

"जये, लेकराला तू हात लावू नगंस. रंभीच पाजंल वातीनं. चीक पिळला की करवंटी तेवढी भायर ने आन् राखंत वत. घाण उचलायला तुझं काय जातंय."

ती गेली. जयाला तिचा नियम पाठ होता. रेडकू उभं राहील, चीक पिईल, मगच म्हातारी चहा घेईल आणि मगच घरी येईल. दुपार सहज होणार होती.

जया आत आली. रंभा डोळे मिटून पडली होती. वाटी शेजारीच होती. आणि तेव्हा जयाच्या मनात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. हे पोर जाऊ दे, असं तिच्या मनात आलं. जाऊ दे. मग म्हातारीला म्हणू दे, रक्त कुणाचं नासकं ते. सूसचं का तुझ्या माहेरचं. पारखून घेतलेलं सोनं आळीसमोर काळं पडू दे. तिला स्वतःच्या हाताने काहीच करायचं नव्हतं. ह्या घरात नेहमी होतं तेवढंच होऊ द्यायचं होतं. हा विचार तिने झटकला नाही. तो तिला गोड लागला, आणि ती बराच वेळ तो मनात घोळवत बसली.

रंभाने डोळे उघडले. चाचपडत वाटी ओढली, वात भिजवली आणि मुलाच्या तोंडाशी नेली. मुलाने तोंड वाकडं केलं आणि ओठ हलवत मान इकडे तिकडे वळवू लागला.

"आक्का," रंभा म्हणाली, "ह्यो बगा काय हुडकतोय. तुमच्या लेकरांनी बी असंच केलं व्हतं का वो?"

जयाच्या छातीत कळ गेली. दूध कधीच आटलं होतं, तरी गेली. तिने वाटी घेतली आणि बाहेर जाऊन राखेत उपडी केली.

"माझ्या तिघांच्या तोंडात ह्येच पानी ग्येलं," ती परत येऊन म्हणाली. "घे त्याला उराशी. आत्ताच्या आत्ता."

"आत्या जीव घेईल माझा! चीक हाय त्यो."

"म्हनूनच घे. ह्या पोरकीला म्हातारीनं माझा चीक पाजून वाढीवलीया. म्या डोळ्यांनी बगितलं. वासराला इख न्हाई आन् लेकराला कसं असंल?"

"आन् काय झालं तर?"

"तर माझं नाव घे. सांग, थोरलीनं पाजायला लावला. मला काय, मी हायेच नासकी."

रंभा रडत होती. रडत रडतच तिने चोळीची गाठ सोडली. जयाने मुलाला उचललं आणि तिच्या अंगावर ठेवलं. दोनदा त्याचं तोंड निसटलं. तिसऱ्यांदा त्याने पकडलं आणि इतका जोर लावून ओढलं, की रंभा दचकून ओरडली. जया जमिनीवर बसली आणि गुडघ्यात डोकं घालून तिने आपल्या तीन मुलांसाठी रडून घेतलं. तेव्हा रडायला नीट वेळच मिळाला नव्हता.

दुपारी तुळजाबाई विजयी होऊन परतली. रेडकू जगलं होतं. तिने करवंटी मागितली. जयाने दाखवली. आत म्हशीचं दूध होतं आणि चिमूटभर हळद. म्हातारीने एकदा पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. रंभा आपली आपणच पिळते, असं म्हातारीला सांगून तीन दिवस जया रोज तशी करवंटी दाखवायची आणि राखेत ओतायची, गुळाचं पाणीही त्याच राखेत जायचं, आणि रंभा वाकळेआड मुलाला पाजायची. पाचवी पार पडली. मुलगा रात्री गाढ झोपत होता आणि दिवसा घर डोक्यावर घेत होता.

बारशाच्या आधी दोन दिवस पोरकी व्याली. त्यामुळे बारशाला घुगऱ्यांबरोबर खरवसही होता. सोपा बायांनी भरून गेला. पाळणा म्हणून झाला, आणि तुळजाबाईने नातवाला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं.

"बगा गं! ह्येला म्हंत्यात रगत! माझ्या माहेरचं हाय. नासक्या रगताला काय बी करा, टिकत न्हाई. आन् चांगल्याला नुसतं गुळाचं पानी बी पुरतं."

बायांनी जयाकडे चोरून पाहिलं. जया उंबऱ्यापाशी बशा भरत होती. तिने ऐकून घेतलं. ते ऐकून घ्यायचं, हे तिने रंभा बाळंत झाली त्या सकाळीच ठरवलं होतं. पण मग नथूची सून पुढे सरकली. तिला आठवा लागला होता. ती पोटावरून हात फिरवत लाजून म्हणाली, "आजे, माझ्या टायमाला तुमीच या. तुमच्याच हातचं गुळाचं पानी द्या माझ्या लेकराला. तुमच्या हाताला यश हाय."

"येईन की गं बाय," तुळजाबाई म्हणाली.

जयाच्या हातातली बशी खाली आदळली.

"त्येनं गुळाचं पानी घ्येतलंच न्हाई," ती म्हणाली. सोप्यात सगळ्यांना ऐकू गेलं. "रंभीचा चीक प्यालाय त्यो. पयल्या दिसापासनं. म्या पाजायला लावला. गुळाचं पानी राखंत ग्येलं समदं. नगंस गं बाई देऊ तुझ्या लेकराला. माझी तीन ग्येली त्या पान्यानं."

तुळजाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिने सुनेला काही विचारलं नाही. भाचीकडे वळली.

"व्हय गं रंभे?"

रंभाच्या मांडीवर आता मुलगा होता. त्याच्या पायात चांदीचे वाळे होते, तिच्या अंगावर नवं लुगडं. एवढ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. तिने जयाकडे पाहिलंच नाही. मुलाच्या अंगावरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "न्हाई आत्या. म्या वातीनंच पाजलंय."

सोप्यातल्या बायांनी एकदम श्वास सोडला. नथूच्या सुनेचा चेहरा निवळला. कुणीतरी हळूच म्हणालं, "लेकरं ग्येली की बाईचं डोस्कं ठिकान्यावर ऱ्हात न्हाई." कुणीतरी चुकचुकलं. तुळजाबाई उठली, खाली पडलेल्या वड्या तिने स्वतः उचलल्या, दुसरी बशी भरली आणि जयाच्या हातात दिली. ती त्या दिवशी जयावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जा, गोठ्यात बसून खा निवांत," ती म्हणाली. "आन् आजपासनं लेकराच्या खोलीत जात जाऊ नगंस."

जया गोठ्यात गेली. सोप्यातून पुन्हा बोलणी, हसणी ऐकू येऊ लागली. नथूची सून कुणाला तरी गुळाच्या पाण्यात सुंठ घालावी का विचारत होती. पोरकीचं वासरू तिच्या कासेला लागलं होतं, शेपटी उडवत, फेस गाळत. जयाने बशी पोरकीपुढे धरली. पोरकीने खरवस हुंगला, खाल्ला नाही, आणि खरखरीत जिभेने तिचा हात चाटू लागली. भऱ्यात जयाचा चीक पोटात गेलेला, आणि ते नाकारू न शकणारा, एवढा एकच जीव होता. जया बशी खाली ठेवून त्याच्या मानेला टेकून बसली.